शुभंकराचा कागद



आज आम्ही दोघी ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याचं नाव घेतलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे रंगपेटी येते आणि लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे मुलांचा चित्रकलेचा क्लास ना?’ विषय आहे कलोपचार. बोलताना सगळे आर्ट थेरपी म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. आर्ट थेरपीत मुलं असतात हे खरंच आहे. पण आज आपल्याला बोलायचं आहे ते मुलाला त्या खोलीपर्यंत घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल. स्वमग्न मूल, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, बौद्धिक अक्षमता असलेलं मूल, यांच्याबरोबर दिवसरात्र असणारं माणूस. बहुतेक घरांत ती आई असते, काही घरांत आजी, क्वचित बाबा, आणि एखाद्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मोठी बहीण.

केअरगिव्हर या शब्दाला मराठीत एक छान शब्द रुळला आहे, शुभंकर. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या आणि पार्किन्सन्सच्या स्वमदत गटांमध्ये तो सर्रास वापरला जातो. ज्याला आजार आहे तो शुभार्थी, आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. शब्द चांगला आहे, आम्ही तोच वापरणार आहोत. फक्त त्यात एक मेख आहे. शुभंकर म्हणजे शुभ करणारा. आता सतत दुसऱ्याचं शुभ करणाऱ्या माणसाला ‘तुझं काय चाललंय?’ असं कोण विचारतं? विचारलंच तर ती उत्तर देते, ‘हो, आता बसायला लागलाय तो, मान सावरतो.’ प्रश्न तिच्याबद्दल होता आणि उत्तर मुलाबद्दल आलं, हे तिच्या लक्षातही येत नाही.

आमच्यापैकी एक आर्ट थेरपीचं प्रशिक्षण घेतलेली, दुसरी विशेष शिक्षिका. पुण्यात पालकगटांबरोबर आमचं काम चालतं. तिथे पहिल्या दिवशी हमखास घडणारी गोष्ट सांगतो. टेबलावर कागद चिकटपट्टीने चिकटवलेला असतो, जाड तैलखडू ठेवलेले असतात. मूल खडूकडे बघतं, कदाचित वास घेतं, कदाचित टेबलावर आपटून आवाज ऐकतं. तेवढ्यात आईचा हात येतो. ती मुलाची मूठ आपल्या मुठीत धरते आणि गोल काढायला लागते. ‘हं, बॉल काढ. बॉल. शाब्बास!’ कागदावर गोल उमटतो. काढला कुणी? आईने. मुलाचा हात तिच्या हातात पेन्सिलीसारखा होता.

यात तिला दोष देण्यासारखं काही नाही. तिला हे आपणच शिकवलेलं असतं. फिजिओथेरपिस्ट सांगतात, घरी रोज हे व्यायाम करून घ्या. स्पीच थेरपिस्ट सांगतात, या शब्दांचा सराव करून घ्या. शाळा सांगते, एवढं लेखन करून घ्या. मराठीतलं हे ‘करून घेणं’ फार नेमकं क्रियापद आहे. विशेष मुलाची आई पाहता पाहता ‘करून घेणारी’ होते. सकाळचं ब्रश करून घेणं, जेवण करून घेणं, शी-शू करून घेणं. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत तिने स्वतः काय केलं असं विचारलं तर ती गोंधळते. मग ती आर्ट थेरपीला आली तर काय करणार? चित्र करून घेणार.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम आहे, शुभंकराला वेगळा कागद. मुलाच्या शेजारी, त्याच टेबलावर, पण स्वतःचा. तिथे ‘मला चित्र येत नाही हो, शाळेत ड्रॉइंगला काठावर पास होत होते’ हे ऐकावं लागतं. आम्ही म्हणतो, येत नसेल तर उत्तमच. खडू आडवा धरा आणि कागदावर नुसता घासा. दाब कमीजास्त करून बघा. पाच मिनिटं. ती आधी मुलाकडे बघत घासते, मग तिची नजर हळूहळू स्वतःच्या कागदावर येते. आणि मग मूल काय करतं? पुष्कळदा तेही आईच्या हाताकडे बघायला लागतं. आपल्यावर कुणी काही करून घेत नाहीये, आई तिचं तिचं काहीतरी करते आहे, हे त्या मुलाच्या दृष्टीने केवढं नवीन असेल! काही मुलं आपला खडू सोडून आईचा खडू मागतात. काही आईच्या कागदावर एक रेघ मारून पळतात. एवढं घडलं तरी दोघांमध्ये काहीतरी सुरू झालं असं आम्ही समजतो.

आता थोडा इतिहास, कारण ही पद्धत कुठून आली हे कळलं की ती कशासाठी आहे हेही कळतं. आर्ट थेरपी हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ साली वापरात आणला असं मानतात. हिल स्वतः क्षयरोगी म्हणून सॅनेटोरियममध्ये महिनोन्महिने पडून होता. तेव्हा क्षयावर प्रभावी औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि वाट पाहणं. तो पलंगावर पडल्या पडल्या आसपासच्या वस्तू काढत राहिला, आणि मग बाकीच्या रुग्णांनाही त्याने कागद-पेन्सिल दिली. १९४५ मध्ये त्याचं यावरचं पुस्तक आलं. लक्षात घ्या, चित्राने क्षय बरा होतो असं या पद्धतीचं म्हणणं नव्हतं. आजार लांबतो, दिवस संपत नाहीत, आणि माणूस हळूहळू नुसता ‘रुग्ण’ होऊन बसतो. त्या बसण्यावर उपाय होता तो. आपल्या शुभंकरांची अवस्था याहून फार वेगळी नाही. त्यांच्याही कामाला शेवटची तारीख नसते.

पुढे अमेरिकेत दोन बायकांनी हे शास्त्र उभं केलं. मार्गारेट नाउमबर्ग म्हणायची की चित्र हे मनातलं बोलणं आहे, ते समजून घ्यायला माणसाला मदत करा. एडिथ क्रेमर मुलांबरोबर काम करायची. तिचा भर चित्र करण्याच्या कृतीवरच होता. करता करता माणूस सावरतो, प्रत्येक वेळी त्यावर बोलायलाच हवं असं नाही. या दोघींचा वाद आजही मिटलेला नाही. आमचा कल क्रेमरकडे जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या क्रेमरची एक शिक्षिका होती. तिच्याबद्दल दोन मिनिटं जास्त बोलू. फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस. १८९८ साली व्हिएन्नात जन्मलेली, जर्मनीतल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेली, ज्यू. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला प्रागजवळच्या तेरेझीनच्या छळछावणीत पाठवलं. तिथे मुलांना आईवडिलांपासून वेगळं, बालगृहांमध्ये ठेवत. तिथल्या मुलांना फ्रीडल चित्रकला शिकवायला लागली. कागद मिळत नसे, म्हणून कचेरीतले वापरलेले फॉर्म, पाकिटं, पार्सलाचे कागद, जे हाती लागेल त्यावर मुलं काढत. मोठ्या माणसांशीही ती बोलली. मुलांच्या चित्रांवर तिने १९४३ मध्ये तिथल्या शिक्षकांपुढे व्याख्यान दिलं. मोठ्यांनी आपल्या कल्पना मुलांवर लादू नयेत असं तिचं म्हणणं होतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेलं आणि तिथे मारलं. मागे दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं राहिली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत.

हे आम्ही इथे का सांगतोय? फ्रीडल मुलांना चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायची, या एका गोष्टीसाठी. छावणीत ज्याचा फक्त नंबर होता, त्याने आपलं नाव स्वतःच्या हाताने कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं. त्या नावांमुळेच पुढे यातल्या कितीतरी चित्रांचा धनी कोण हे कळू शकलं. छावणीची आणि आपली तुलना करायचा प्रश्नच नाही, तशी कुणी करू नये. पण सही करण्याची ही पद्धत आम्ही उचलली. विशेष मुलाच्या आईला शाळेत, दवाखान्यात, केंद्रावर ‘अमुकची आई’ म्हणून ओळखतात. व्हॉट्सअॅप गटातसुद्धा ती नंबर ‘अमुकची मम्मी’ म्हणून साठवलेला असतो. आमच्याकडे कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घालायचं. एक बाई पेन हातात घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, माहेरचं घालू का? म्हटलं, घाला. त्यांनी नुसतं पहिलं नाव घातलं, त्याखाली एक रेघ मारली. चित्रात बाकी निळा रंग सोडून काही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच आहे. रांगोळी आहे, गोधडी आहे. वारल्यांकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवाशिणी लिहितात. मग आर्ट थेरपी म्हणजे परदेशी पॅकिंगमधला आपलाच माल! सभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे हे. आम्हाला ते पटत नाही. रांगोळी सुंदरच असते, पण ती दारात असते. येणारा-जाणारा बघणार म्हणून ती काढतात. ठिपके मोजायचे, चुकलं तर पुसायचं, शेजारणीपेक्षा बरी यायला हवी. वारल्यांचा चौक तर विधी आहे, त्यात देवी बसायची असते. तिथे वाटेल ते काढून चालत नाही. आर्ट थेरपीच्या कागदावर चुकण्याची सोय असते आणि तो बघणारे फक्त दोघं-तिघं असतात. फरक तेवढा आहे, आणि तो मोठा आहे.

मात्र या कलांमधलं एक भांडवल आम्ही बिनदिक्कत वापरतो, ते म्हणजे हाताची सवय. ब्रश धरायला घाबरणारी आजी चिमटीत रांगोळी घेतली की क्षणात रेघ ओढते. कात्री-गोंद म्हटलं की ज्या मागे सरतात, त्या जुन्या साडीचे तुकडे पुढे आले की रंगसंगती लावत बसतात. गोधडीच्या तुकड्यांची तर गंमत वेगळीच. एका आईने मुलाच्या बाळपणीची दुपटी, तिची बाळंतपणातली साडी आणि दवाखान्याच्या वाऱ्या करताना वापरलेली ओढणी, तीनही आणून जोडायला घेतली. ओढणीचा तुकडा तिने बराच वेळ हातात ठेवला. शेवटी उलटा लावला, नक्षी आत गेली. आम्ही काही विचारलं नाही. पुढच्या वेळी तीच आपणहून बोलली, निदान झालं त्या दिवसाबद्दल.

यावरून दुसऱ्या नियमाकडे येऊ. चित्र ‘वाचायचं’ नाही. काळा रंग म्हणजे नैराश्य, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, हात काढले नाहीत म्हणजे मार खाल्लेला, असले तक्ते फोनवर फिरत असतात. १९२६ साली फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या माणसाच्या चित्रावरून बुद्धी मोजायची चाचणी काढली, आणि त्यानंतर चित्रावरून मन ओळखण्याचा एक उद्योगच सुरू झाला. आमचं म्हणणं साधं आहे. मुलाने सगळं काळं केलं, तर आधी बघा की बाकीचे खडू मोडलेले आहेत का. काळा हा कागदावर सगळ्यात ठळक उठणारा रंग आहे. नजर अधू असलेल्या मुलाला तो आवडणारच. आणि आईने काळं केलं तर? तर तिला विचारा, ‘याबद्दल काही सांगावंसं वाटतंय?’ नाही म्हणाली, तर विषय संपला. चित्राचा अर्थ ज्याने काढलं त्याच्याकडे असतो. लहान मुलाच्या चित्रात वारंवार, महिनोन्महिने काही खटकत असेल, आणि वागण्यातही बदल दिसत असेल, तर तज्ज्ञाला गाठायचं. एका कागदावरून निकाल द्यायचा नाही.

तसंच कौतुकाचं. ‘वा, किती छान!’ ही आपल्या तोंडची सवय. पण छान म्हटलं की पुढचा कागद छान करण्यासाठी होतो. त्याऐवजी दिसतं ते बोला. ‘इथे जोरात दाबलंस.’ ‘हा पिवळा कडेपर्यंत गेला.’ बोलू न शकणाऱ्या मुलालाही हे कळतं की आपण केलेलं कुणीतरी नीट पाहिलं.

आता एक अवघड गोष्ट. शुभंकराच्या कागदावर राग येतो. प्रेम येतं, काळजी येते, हे ऐकायला बरं वाटतं. पण राग येतो, आणि तो कधी कधी मुलावरचाच असतो. एक आई खडूने एवढ्या जोरात रेघा मारत गेली की कागद फाटला, टेबलावर खडू उमटला. मग ती घाबरून मुलाकडे बघायला लागली. मूल शेजारीच होतं. अशा वेळी काय करायचं, यावर आमच्या क्षेत्रात दोन मतं आहेत. काहींच्या मते आई आणि मूल कायम एकत्रच असावेत, कारण नातं हाच उपचाराचा विषय आहे. काहींच्या मते शुभंकराचा वेळ संपूर्ण वेगळा हवा. आम्ही वेळ वाटून घेतो. पहिला अर्धा तास एकाच टेबलावर, आपापल्या कागदावर किंवा एकत्र. नंतरचा अर्धा तास मुलं शेजारच्या खोलीत मातीत खेळतात आणि पालक या खोलीत बसतात. कारण काही गोष्टी मुलासमोर काढायच्या नसतात, आणि मूल बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं समजणं तर फारच चूक. राग त्या दुसऱ्या अर्ध्या तासात येऊ दे. तिथे फाटलेल्या कागदामागे आम्ही दुसरा कागद चिकटवतो. ‘मागे आणखी एक आहे, करा हवं तर,’ एवढंच म्हणतो.

याच अर्ध्या तासात तो प्रश्न येतो, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक विशेष पालकाच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. ‘माझ्यानंतर याचं काय?’ इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. या प्रश्नाला चित्र हे उत्तर नाही. याला कायद्याचं उत्तर आहे: राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून. मूल अठराचं व्हायच्या आधीपासून याची माहिती काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर शुभंकराची व्याख्याच केली आहे. पगार घेणारा असो वा न घेणारा, आईवडीलही त्यात आले. ही माहिती आम्ही आर्ट थेरपीच्या गटातच देतो. तिच्या मनातली भीती रंगात येऊ द्यायची आणि अर्ज कुठे करायचा ते मात्र सांगायचं नाही, हे आम्हाला अप्रामाणिक वाटतं. पण उलटंही खरं आहे. अर्ज भरून झाला तरी भीती जात नाही. ती रात्री येतेच. तिला बसायला कुठेतरी जागा लागते, तर ती कागदावर बसू दे.

आता पुराव्याचं बोलू, कारण ‘याने खरंच काही होतं का?’ हा प्रश्न रास्त आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसं, ४५ मिनिटं. माती, मार्कर, कोलाज, हवं ते घ्या, हवं ते करा. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की शरीरात वाढतं ते हे संप्रेरक. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालेलं दिसलं, आणि ज्यांना चित्रकलेचा फारसा अनुभव नव्हता त्यांच्यातही. ऐकायला फार छान. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवस सरतो तसं आपोआपही उतरतं. त्यामुळे यावरून ढोल वाजवू नयेत.

याच संशोधकांनी पुढे कॅन्सरच्या रुग्णांच्या शुभंकरांवर छोटा अभ्यास केला, त्यात नातेवाईक होते आणि रुग्णालयाचे कर्मचारीही. काहींना थेरपिस्टबरोबर मोकळं काम, काहींना नुसतं रंग भरायचं पुस्तक. दोन्ही गटांना बरं वाटलं. मग थेरपिस्ट हवा कशाला? आमचं उत्तर असं. एक दुपार डोकं शांत व्हावं एवढंच हवं असेल तर रंग भरायचं पुस्तक पुरे, खुशाल आणा. पण ती कागद फाडणारी आई आठवा. अशा वेळी खोलीत कुणीतरी असावं लागतं, जे घाबरत नाही, उपदेश करत नाही आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच असतं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. एकूण चित्र आशादायक आहे. पण अभ्यासांचा दर्जा कमीजास्त आहे. आर्ट थेरपीने स्वमग्नता जाते असं कुणी सांगत असेल, तर फी भरू नका. शुभंकराला झोप येत नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, असं असेल तर तिने मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या तीन घेतो.

‘घरी काय करता येईल?’ एक खेळ सांगतो. विनिकॉट नावाचे लंडनचे बालरोगतज्ज्ञ होते, पुढे मुलांचे मनोविश्लेषक झाले. ते मुलांबरोबर रेघोट्यांचा खेळ खेळत. एकाने डोळे मिटून वेडीवाकडी रेघ मारायची, दुसऱ्याने तिच्यातून काहीतरी बनवायचं. मग पाळी उलटी. मासा झाला, चप्पल झाली, काहीच नाही झालं तरी चालतं. यात कोरा कागद कुणाच्याच वाट्याला येत नाही, आणि आई शिक्षक राहत नाही. मुलाला खडू धरवत नसेल तर खडूभोवती फडकं गुंडाळून जाड करा. ओला स्पर्श सहन होत नसेल तर झिपच्या पिशवीत दोन रंग घाला, तोंड चिकटपट्टीने बंद करा, मुलाने वरून बोटं फिरवायची. माती नको असेल तर कणीक: दोन वाट्या पीठ, वाटीभर मीठ, लागेल तसं पाणी, चिमूटभर हळद. मूल तोंडात घालणारं असेल तर मीठ अजिबात नको, साधी कणीक घ्या. आणि तुमचा गोळा वेगळा. त्याची पोळी करायला उठायचं नाही.

‘मुलाचे बाबा येतच नाहीत, काय करावं?’ येतात हो, दाराशी उभे राहतात आणि फोन बघतात. त्यांना ‘भावना व्यक्त करा’ म्हटलं की ते पार्किंगकडे जातात. आम्ही त्यांना काम देतो. पुठ्ठ्याचं घर करायचंय, भिंती कापून द्या. कापता कापता ते बसतात. पण याहून खरी अडचण वेगळी आहे. आईला तासभर मोकळं करायचं तर त्या वेळात मुलाला सांभाळणार कोण, घरातल्या म्हाताऱ्यांचं कोण बघणार, रिक्षाचे पैसे कुठून येणार? बाबा खोलीत आले नाहीत तरी एक वेळ चालेल; दर आठवड्याला तो तास त्यांनी घरी उचलला तर आम्ही त्यांना गटाचे सभासदच मानू.

शेवटची चिठ्ठी: ‘या चित्रांचं पुढे काय करता? प्रदर्शन भरवता का?’ नाही. मुलांची आणि पालकांची वेगवेगळी फाइल असते, ती कपाटात कुलपात राहते. फोटो काढून गटावर टाकायचे नाहीत, अगदी छान आलेल्याचेही. देणगीदारांना दाखवायला चार चित्रं द्या अशी मागणी होते. आम्ही पालकांना विचारतो, आणि नाही म्हणाले तर देत नाही. गट संपताना प्रत्येक जण आपली फाइल उघडून सगळे कागद पहिल्यापासून बघतो आणि काय ठेवायचं ते ठरवतो. काही जणी सगळं घरी नेतात. काही आमच्याकडेच ठेवतात, घरी कुणी बघायला नको म्हणून. एकीने फाटलेला कागद काढून घेतला, बाकीचे फाइलमध्ये परत लावले आणि विचारलं, हा इथेच टाकला तर चालेल का? आम्ही कचऱ्याची टोपली पुढे केली.